विंडोज १० गेलं, नवी सिस्टिम आली. पण नानांची मराठी कुठे गेली?

बडोदा : गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० ची मुदत संपली. बातमी सगळ्यांनी वाचली, फराळाच्या गडबडीत विसरलेही. आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१७ सालचा, तोही विंडोज १० वरच चालणारा. नोव्हेंबरात आम्ही त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, ती म्हणजे लिनक्स मिंट. आता अडीच महिने झाले. काय जमलं, काय अडलं आणि कुठली चूक आम्हाला फार महागात पडणार होती, ते इथं सांगते. माझं माहेर नवापूरचं. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं ते गाव. त्यामुळे दोन भाषांत जगणाऱ्या घरांना काय लागतं, याची मला थोडीफार कल्पना आहे. हे लिखाण अशाच घरांसाठी आहे.

नेमकं काय संपलं?

आधी एक गैरसमज दूर करू. मुदत संपली म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी आमचाही नेहमीसारखा सुरू झाला. थांबतात ती सुरक्षेची मोफत अपडेट. सिस्टिममध्ये नवं भगदाड सापडलं की कंपनी ते बुजवते, त्याला अपडेट म्हणतात. ते बुजवणं थांबलं की यंत्र चालतं, पण दिवसेंदिवस उघडं पडत जातं. त्यावर बँकेचं काम करत असाल तर हा धोका लहान नाही.

मग विंडोज ११ का टाकत नाहीत? कारण त्याच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, सिक्युअर बूटची सोय हवी, किमान ४ जीबी रॅम हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीत हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीनं हुकला. दुकानात दाखवायला नेला तर तिथला मुलगा म्हणाला, "बेन, आ तो हवे नहीं चाले. नवुं ज लई लो." यंत्र तर ठणठणीत चालू होतं!

तीन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे वर्षभराची सवलत. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर त्याचे पैसेही पडत नाहीत. ज्यांना विचाराला वेळ हवा, त्यांच्यासाठी हा रस्ता चांगला. पण तो पुढची तारीख देतो, सुटका नाही.

दुसरा रस्ता नव्या यंत्राचा. ऐपत आणि गरज दोन्ही असेल तर त्यात वाईट काही नाही.

तिसरा रस्ता लिनक्सचा. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात, आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. घरगुती कॉम्प्युटरसाठी त्याचे अनेक अवतार आहेत. उबंटू, फेडोरा, आपल्या सी-डॅकनं काढलेलं बॉस, आणि आम्ही निवडलेलं मिंट. मिंट फुकट आहे, २ जीबी रॅमवर कसंबसं आणि ४ जीबीवर बरं चालतं. त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दिसायलाही जुन्या विंडोजसारखं आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू.

माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा मदतीला आला. त्यानं दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक म्हणजे मिंट आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून दाखवलं, कॉम्प्युटरवर काही न टाकता. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, हे तिथंच कळलं. दुसरं, जुनी हार्ड डिस्क पुसून तिच्यावर मिंट न टाकता त्यानं नवी एसएसडी बसवायला लावली. जुनी डिस्क काढून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मामी, ही पुसायची नाही हं. सहा महिने कपाटात राहू दे." त्याच्या या एका वाक्यानं पुढं आम्हाला वाचवलं.

पहिल्याच संध्याकाळी

बॅकअप मी स्वतः घेतला होता. फोटो, पावत्या, मुलीचे दाखले, आणि 'डॉक्युमेंट्स'मधलं नानांचं सगळं लिखाण.

नाना म्हणजे माझे सासरे, वय ८६. त्यांच्या आजोबांच्या काळातली घरची कागदपत्रं मोडीत आहेत. त्यात दांडिया बाजारातल्या घराचे कागद आहेत, देण्याघेण्याच्या याद्या आहेत, कोकणातल्या भावकीची पत्रं आहेत. गायकवाडी कारभाराची भाषा मराठी होती, लिहिण्याची लिपी मोडी. बडोद्याच्या दप्तरखान्यात असे मोडी कागद ढिगानं आहेत, आणि इथल्या जुन्या मराठी घरांतही एखादी ट्रंक निघतेच. नाना मोडी वाचू शकणाऱ्यांपैकी घरातले शेवटचे. निवृत्तीनंतर, २००३ पासून पुढं सात-आठ वर्षं, त्यांनी एकेक कागद भिंगाखाली धरून देवनागरीत उतरवला आणि एका बोटानं कॉम्प्युटरवर टाइप केला. एकूण ६१ फाइली. आता त्यांची नजर इतकी अधू झाली आहे की मूळ कागद त्यांना स्वतःलाच लागत नाहीत.

मिंट सुरू झाल्यावर कौतुकानं मी त्यातली पहिली फाइल उघडली. फाइल उघडली, पानंही तेवढीच होती. पण मराठी एक अक्षर नाही! सगळी एबीसीडीची खिचडी, मध्येच स्वल्पविराम, डॉलरची खूण, कंस. दुसरी उघडली, तीही तशीच. एकसष्टच्या एकसष्ट.

नानांना काय सांगावं कळेना. ते म्हणाले, "वाचून दाखव की." मी म्हटलं, "नाना, उद्या दाखवते. अजून नीट बसलं नाहीये." त्या रात्री मला झोप लागली नाही.

असं का होतं?

हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण ही अडचण लिनक्सची नाही. नव्या विंडोजवर गेलो असतो तरी तेच झालं असतं.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. आज आपण फोनवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. या जागतिक ठरावात प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी 'क'चा वेगळा, गुजराती 'क'चा वेगळा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिप्या त्यात आहेत. पण घराघरातल्या कॉम्प्युटरवर हे रुळायला पुष्कळ वर्षं गेली.

तोवर लोकांनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि फाँटमध्ये त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायची. म्हणजे फाइलमध्ये साठतं इंग्रजी 'ए', पण त्या फाँटमध्ये 'ए'च्या जागी काना किंवा अर्धा ग काढलेला असतो, म्हणून पडद्यावर मराठी दिसतं. आपली वर्तमानपत्रं, छापखाने, लग्नपत्रिकावाले, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांनी वर्षानुवर्षं असंच काम केलं. शिवाय प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. फाँट आहे तोवर मराठी आहे, फाँट गेला की मुखवटा गळतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं.

मी बॅकअप घेतला तो फाइलींचा. फाँट 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतोच, तो 'विंडोज' फोल्डरच्या आत 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतो. तिथं बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मोडीचं काय झालं ते आठवा. कागद टिकले, शाई टिकली, पण शाळांतून मोडी गेली आणि वाचणारी माणसं गेली. नानांनी जे एकदा त्यातून सोडवून आणलं होतं, ते पंधरा-वीस वर्षांतच दुसऱ्यांदा मुकं होऊ पाहत होतं. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये मोडीलाही २०१४ साली जागा मिळाली आहे. मोडी कॉम्प्युटरवर सुरक्षित, आणि आमची देवनागरी मात्र अडकलेली!

दुरुस्ती कशी केली

दुसऱ्या दिवशी कपाटातली डिस्क काढली. भाच्यानं ती केबलनं जोडली. लिनक्स विंडोजची डिस्क वाचू शकतं. 'फाँट्स' फोल्डरमध्ये नानांचा फाँट सापडला. फाइलवर डबल क्लिक केलं, 'इन्स्टॉल' दाबलं, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं, आणि मराठी परत आली. नानांना खुर्चीत बसवून पहिलं पान वाचून दाखवलं. त्यांना आदल्या रात्रीचं काही माहीत नव्हतं. आजही नाही.

पण फाँट बसवणं ही मलमपट्टी झाली. पुढचं यंत्र आलं की पुन्हा तेच. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणं. त्यासाठी मोफत परिवर्तक मिळतात, ज्या त्या फाँटसाठी वेगवेगळे. मात्र घराचे कागद, दस्त, खासगी पत्रं कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. इंटरनेटशिवाय आपल्याच यंत्रावर चालणारा परिवर्तक शोधा.

आणि बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालायलाच हवा. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी डावीकडे दिसते, पण युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. 'वर्ष'मधला रफार ष च्या डोक्यावर दिसतो, पण त्यातला र आधी साठतो. परिवर्तक इथं घसरला की 'वर्ष'चं 'वषर्' होतं, 'किंमत'चं 'िकंमत' होतं. ही चूक दिसते तरी. खरी फसवणूक 'ऱ्य'ची. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर डोंगर सोडून समुद्रात उतरलो, आणि शब्द दोन्ही बरोबर असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. मजकुरात मध्येच खरं इंग्रजी असेल, एखादा पत्ता किंवा साहेबाचं नाव, तर परिवर्तक त्याचीही देवनागरी खिचडी करतो. तेवढा भाग वगळून बदलायचा.

एकाच कीबोर्डवर दोन लिप्या

तपासणीचं काम माझ्या लेकीनं अंगावर घेतलं. ती घरात मराठी बोलते, पण शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे देवनागरी मराठी अडखळत वाचते. ऑफिसात मात्र ती गुजराती झरझर टाइप करते, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. मराठी टायपिंग शिकावं लागेल म्हणून ती कुरकुरत होती. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टचा लेआउट जोडला आणि तिला म्हटलं, गुजरातीत करतेस तसंच दाबून बघ.

बोटं तीच होती! 'के'ची कळ दाबली की गुजरातीत गुजराती क, मराठीत देवनागरी क. 'एच'वर प, 'एल'वर त, 'जे'वर र. शिफ्ट धरून 'एन' दाबलं की दोन्हीकडे ळ. कन्नड, तेलुगूलाही हीच मांडणी आहे, कारण १९८० च्या दशकात इनस्क्रिप्ट आखताना आपल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे हे धरून ती आखली गेली. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं तिला मानक म्हणून मान्यता दिली. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. बेळगावात मराठी-कन्नड, आदिलाबादेत मराठी-तेलुगू, नवापुरात मराठी-गुजराती अशा घरांना याहून सोयीचं दुसरं काही नाही. एक लिपी हाताला बसली की दुसरी जवळजवळ फुकट मिळते. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायची सवय आहे, त्यांच्यासाठी फोनेटिक लेआउटही आहे.

मराठीचं म्हणून एकच जास्त शिकावं लागलं, तो ऱ. गुजरातीत तो नाही. शिफ्ट धरून 'जे', मग 'डी' म्हणजे हलन्त, मग य, की 'ऱ्य' तयार.

उत्तरायणच्या सुट्टीत गच्चीवर सगळे पतंग उडवत होते आणि आत नाना आणि नात एका टेबलाशी. ती पडद्यावरचं अडखळत वाचायची, नाना डोळे मिटून ऐकायचे. "थांब. 'आचार्यांना' नाही, 'आचाऱ्यांना'. स्वयंपाक्याला पैसे दिल्याची नोंद आहे ती." ६१ पैकी ३८ फाइली झाल्या आहेत. लेकीचं वाचन आता पुष्कळ सुधारलं आहे. आणखी एक फायदा मिळाला. युनिकोड झाल्यामुळे एखाद्या गावाचं नाव टाकलं की ते कुठल्या कुठल्या कागदात आलंय ते क्षणात सापडतं.

रोजचं चालतं ना?

चालतं. ब्राउझरमध्ये होणारी कामं, म्हणजे बँक, विजेचं बिल, डिजिलॉकर, आयकर, रेल्वेचं तिकीट, कीर्तनाचे व्हिडिओ, यात काहीच फरक पडला नाही. यंत्र पूर्वीपेक्षा चटकन सुरू होतं, अर्थात त्यात मोठा वाटा नव्या एसएसडीचा. अपडेट आलं की खालच्या पट्टीत ढालीचं चिन्ह खुणावतं. काही नवं टाकायचं तर पासवर्ड विचारतं, सुरुवातीला त्याचा वैताग येतो, पण तेच कुलूप आहे. विंडोजचे प्रोग्रॅम इथं जसेच्या तसे चालत नाहीत, त्याऐवजी सिस्टिमचंच एक सॉफ्टवेअर-भांडार आहे.

अडलं तेही सांगते. वर्डमध्ये बनवलेली तक्त्यांची फाइल लिबरऑफिसमध्ये थोडी हलते, दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवावी. माझे यजमान घरून एका व्यापाऱ्याचे हिशेब बघतात. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून त्यांचा लॅपटॉप आम्ही विंडोजवरच ठेवला. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल किंवा जुना लेझर प्रिंटर असेल, तर लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहा, नंतर नाही.

भाषा मराठी निवडली तरी सगळा मेनू मराठीत येत नाही, अधूनमधून इंग्रजी शब्द राहतात. ही भाषांतरं बरीचशी स्वयंसेवक करतात, जेवढे हात तेवढं काम. याच शहरात १९३१ साली सयाजीरावांच्या राज्यानं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला होता. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतले प्रतिशब्द एकाच ग्रंथात. आपल्या भाषेत कारभार चालायचा तर शब्द कुणीतरी बसून घडवावे लागतात, हे तेव्हा कळलं होतं. मिंटच्या मेनूतला अर्धवट मराठी शब्द दिसला की मला ते आठवतं.

बदल करण्याआधी एवढं करा

१. जुनी मराठी फाइल उघडून फाँटचं नाव पाहा. मंगल, निर्मला, लोहित, मुक्त, नोटो असं काही असेल तर ते युनिकोड, काळजी नको. दुसरं काही असेल आणि शंका असेल तर मजकूर निवडून फाँट बदलून बघा. अक्षरं इंग्रजी झाली तर ती फाइल जुन्या जुगाडातली आहे.

२. असा फाँट 'विंडोज'मधल्या 'फाँट्स' फोल्डरमधून काढून फाइलींसोबतच ठेवा.

३. जुन्या सिस्टिमवर असतानाच अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. विंडोज १० मध्ये प्रिंट करताना पीडीएफचा पर्याय असतो. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, त्यामुळे निदान वाचता तरी येतं.

४. बॅकअप दोन ठिकाणी, आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करा. नुसतं फाइल कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. मी तेच समजले होते.

५. जुनी डिस्क लगेच पुसू नका. दुकानात देत असाल तर 'फॉर्मॅट' म्हणण्याआधी हे स्पष्ट सांगा.

६. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत ठेवतं, घरच्या फाइलींची नाही. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

७. घरात कुणी वडीलधारं असेल ज्याला जुनं वाचता येतं, तर हे काम त्यांच्या देखत करा.

सिस्टिम पुन्हा बदलेल. २०२९ काही फार लांब नाही. तेव्हा नानांच्या फाइली उघडतील, कारण त्या आता कुठल्या एका फाँटच्या भरवशावर राहिलेल्या नाहीत. २३ फाइली बाकी आहेत. रोज रात्री जेवणं झाली की नाना विचारतात, "आज कितवा कागद?"